गुणवंतरावांची नजर आणि न्यूझीलंडचा सराव

गुणवंतराव उपासनी टीव्हीसमोर बसले की भारताची विकेट पडते, हे सिद्ध करण्याच्या भानगडीत अल मनखूलच्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये कोणी पडत नसे. ऑगस्टमध्ये दुबईत उकडतं, हे तरी कोण सिद्ध करत बसतं? मात्र मॅच चालू असताना गुणवंतरावांना तोंडावर "उठा" म्हणायचं नाही, एवढी सभ्यता सगळे पाळत. त्याऐवजी कामं निघत. मोठा टीव्ही वसंतराव धारपांकडे, म्हणून मंडळी तिथे जमायची. सामना रंगात आला की नेमकी कुमुदवहिनी धारपांना आठवण व्हायची.

"गुणवंतभावजी, खालच्या बकाल्यातून जरा दही आणता?"

गुणवंतराव खालच्या किराणा दुकानातून दही घेऊन वर येईपर्यंत कोणाचं तरी शतक झालेलं असायचं. घरात आनंदीआनंद असायचा आणि दह्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. धारपांच्या फ्रिजमध्ये इतकं दही साठलेलं असे, की मालिका संपल्यावर आठवडाभर त्यांच्याकडे कढी व्हायची.

या प्रकाराचा गुणवंतरावांना राग येई असं म्हणता येणार नाही. रागावण्यापेक्षा ते युक्तिवाद करत. रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये ते क्वालिटी कंट्रोलला होते. गोठलेल्या मटारात आणि माशांत दिवसभर थर्मामीटर खुपसायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे कार्यकारणभावावर त्यांची गाढ श्रद्धा होती.

"माझ्या नुसत्या बघण्याने मटाराचं टेंपरेचर अर्धा डिग्रीने बदलत नाही," ते म्हणत, "मग बॅट्समन कसा आउट होईल?"

"मटाराला मन नसतं, गुणवंतराव," वसंतराव शांतपणे सांगत. वसंतरावांचा एसीच्या डक्टिंगचा धंदा होता. आपल्याला अदृश्य हवेची दिशा कळते, असा त्यांचा समज होता आणि तो त्यांनी हळूहळू इतर विषयांनाही लागू केला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी शारजाला तिरंगी मालिका लागली आणि शुक्रवारच्या भारत-न्यूझीलंड सामन्याची तिकिटं वसंतरावांनी ओळखीतून मिळवली. "पन्नास दिरहमचं एकेक, म्हणजे पावणेसहाशे रुपये," कुमुदवहिनींनी जिन्यात सांगितलं आणि गुणवंतरावांच्या पत्नी विभावरीवहिनींच्या हातात दोन तिकिटं ठेवली. एक त्यांचं आणि एक त्यांच्या लेकीचं, ईश्वरीचं. गुणवंतराव शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे बघत कुमुदवहिनी म्हणाल्या, "भावजींना उन्हाचा त्रास होतो ना, म्हणून."

गुणवंतरावांना उन्हाचा कसलाही त्रास नव्हता. उणे अठरा अंशांतून बाहेर आलेल्या माणसाला ऊन म्हणजे मेजवानीच असते. पण ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी लिफ्टमध्ये दर्शन साने भेटले. हे बँकेत लोन ऑफिसर. त्यांनी सहज विचारलं, "मग, शुक्रवारी काय बेत?" त्यावर गुणवंतराव इतका वेळ साठवलेलं एका दमात बोलून गेले.

"मॅच काय, कोणीही बघतं. खरा शौकीन सराव बघतो. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस आहे. मी शारजाला आपल्या टीमचा सराव बघायला जाणार."

लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत दर्शनरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तासाभरात उपासन्यांच्या घराची बेल वाजली. दारात वसंतराव, कुमुदवहिनी आणि दर्शनराव उभे होते. कुमुदवहिनींच्या हातात शिऱ्याचा डबा होता. शिरा पाहून गुणवंतरावांनी ओळखलं, की प्रकरण गंभीर आहे.

"गुणवंतराव," वसंतराव सोफ्यावर टेकत म्हणाले, "सराव म्हणजे स्नायूंचा प्रश्न असतो. कोणाचा हात आखडला, कोणाचा पाय मुरगळला, तर शुक्रवारी खेळणार कोण?"

"मी बघितल्यामुळे पाय मुरगळेल?"

"मुरगळेलच असं मी म्हणत नाही. पण आपण कशाला रिस्क घ्यायची?" दर्शनराव बँकेच्या सुरात म्हणाले.

ईश्वरी अभ्यासाचं पुस्तक घेऊन आतून आली आणि म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट प्रॅक्टिस. व्हाय इज एव्हरीवन सिटिंग लाइक समवन डाइड?" तिला शिऱ्याची वाटी देऊन पुन्हा आत पाठवण्यात आलं.

मग वसंतरावांनी मूळ मुद्दा काढला. गुरुवारी दुपारी दोन्ही टीम मैदानाच्या दोन टोकांना सराव करणार होत्या. गुणवंतरावांनी जरूर जावं, वसंतराव स्वतःची पजेरो देतील, पण त्यांनी फक्त न्यूझीलंडकडे बघावं.

गुणवंतरावांना प्रथम मुद्दा कळला नाही. कळला तेव्हा त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे मला तुम्ही औषध फवारायला पाठवताय," ते म्हणाले.

"तसं नाही हो, देशासाठी म्हणून," कुमुदवहिनी म्हणाल्या.

गुणवंतराव उठून गॅलरीत गेले. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये ते थोडा वेळ उभे राहिले आणि आत आले ते एक प्रस्ताव घेऊनच. ते न्यूझीलंडचा सराव बघतील. दर्शनरावांनी साक्षीदार म्हणून सोबत यावं. किवी नेहमीसारखे खेळले, त्यांना काही झालं नाही, तर आपल्या नजरेत काहीही नाही हे सगळ्यांनी कायमचं मान्य करायचं आणि शुक्रवारी त्यांना सोबत स्टेडियममध्ये न्यायचं. यापुढे दही आणायला दुसऱ्या कोणी जायचं.

वसंतरावांनी विचार केला. न्यूझीलंडला काही झालं तर भारताचा फायदा होता. नाही झालं तर जास्तीत जास्त एका तिकिटाची खटपट होती. त्यांनी हात पुढे केला.

मंडळी गेल्यावर विभावरीवहिनी डबा झाकत म्हणाल्या, "अहो, तुमच्या लक्षात आलं का? गुरुवारी त्या न्यूझीलंडवाल्यांनी चांगलं खेळावं म्हणून तुम्हालाच देव पाण्यात घालून बसावं लागणार."

हे गुणवंतरावांच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी पजेरो शारजाला पोचली. दर्शनरावांच्या गळ्यात धारपांची दुर्बीण होती. मैदानाच्या मागच्या फाटकावर वली नावाचा पठाण गार्ड बसला होता. त्याने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तसरीह?" म्हणजे परवानगीचा कागद.

"कागद नहीं है. हम फॅन है, प्रॅक्टिस देखेंगे," गुणवंतराव म्हणाले.

"इंडिया का गेट उधर है. उधर भी तसरीह माँगेगा."

"इंडिया नहीं. न्यूझीलंड."

वलीने खुर्ची मागे सरकवली. त्या फाटकावर भारताचे चाहते यायचे, पाकिस्तानचे यायचे, श्रीलंकेचेही यायचे. पण न्यूझीलंडचा चाहता, आणि तोही हा असा टाय लावलेला हिंदुस्थानी, त्याने नोकरीत कधी पाहिला नव्हता.

"न्यूझीलंड का फॅन? क्यों?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं शक्य नव्हतं. गुणवंतरावांनी आपला अभ्यास दाखवण्यासाठी किवी टीमची नावं म्हणायला सुरुवात केली. सलामीपासून सुरू करून बाराव्या खेळाडूपर्यंत आले, मग फिजिओ सांगितला. याचा परिणाम उलटाच झाला. इतकी माहिती असणारा माणूस साधा नसतो, असं वलीला वाटलं. त्याने वॉकीटॉकी उचलली.

पाच मिनिटांत दोघांना एका थंडगार खोलीत बसवण्यात आलं. पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी कंदुऱ्यातला एक तरुण अधिकारी आला. त्याने आधी चहा मागवला, आणि मग इंग्रजीत अत्यंत नम्रपणे विचारलं, की आपला नेमका उद्देश काय.

दर्शनरावांनी दुर्बीण टेबलाखाली लपवली, ती पडून मोठा आवाज झाला. अधिकाऱ्याने ती उचलून टेबलावर ठेवली आणि तो पुन्हा गुणवंतरावांकडे पाहू लागला. गुणवंतरावांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्या क्षणी शंभर टक्के खरं होतं.

"सर, मला फक्त एवढंच हवंय, की आज न्यूझीलंडच्या सगळ्या बॅट्समननी चांगलं खेळावं आणि कोणालाही काही लागू नये."

तरुण अधिकाऱ्याने टेबलावरची दुर्बीण बाजूला सारली. मग तो म्हणाला, "हबीबी, इथे येणारा प्रत्येक जण मला सही मागतो, फोटो मागतो, पास मागतो. दुसऱ्यांसाठी काही मागणारे तुम्ही पहिलेच." त्याने ड्रॉवरमधून एक बिल्ला काढून गुणवंतरावांच्या गळ्यात घातला. त्यावर 'गेस्ट' असं लिहिलं होतं. बिल्ला एकच होता. दर्शनरावांना दुर्बिणीसह पार्किंगमध्ये, तारेच्या कुंपणाबाहेर, पजेरोपाशी थांबायला सांगण्यात आलं.

मैदानावर न्यूझीलंडचा मॅनेजर भेटला. इतक्या लांबच्या वाळवंटात आपला एक चाहता निघाला, याचा त्याला फार आनंद झाला. त्याने गुणवंतरावांचा हात बराच वेळ हलवला, त्यांच्या डोक्यावर टीमची काळी टोपी चढवली आणि नेटच्या अगदी मागे, सावलीत, खुर्ची टाकून दिली. पार्किंगमधून दुर्बिणीतून हे सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. दर्शनरावांनी कपाळाला हात लावला.

पहिला बॅट्समन आला. गुणवंतरावांनी श्वास रोखून पाहिलं. पहिल्याच चेंडूवर त्याचा मधला स्टंप गेला.

आता नेटमध्ये माणूस बोल्ड होतोच, त्यासाठीच तो नेटमध्ये येतो, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं. त्यांनी मनात मटार आणले. पण दुसरा चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि तिसरा पायावर. बॅट्समन मांडी चोळू लागला. चौथ्या चेंडूला गुणवंतरावांनी डोळे मिटले, तर बॅटच्या मधोमध बसल्याचा सुरेख टणत्कार झाला. डोळे उघडले, स्टंप उडाला. मिटले, टणत्कार.

गुणवंतरावांनी आयुष्यात प्रथमच आपल्या शास्त्रीय दृष्टिकोनाकडे संशयाने पाहिलं. मग ते उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि नेटकडे पाठ करून बसले.

मॅनेजर धावत आला. उन्हाने चक्कर आली का, पाणी हवं का, डॉक्टर बोलावू का? गुणवंतराव भिडस्त माणूस. एवढ्या चांगल्या यजमानाला फसवणं त्यांना जमेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. टीव्ही, विकेट, दही, सगळं. फक्त आपल्याला कोणी आणि कशासाठी पाठवलं, तेवढं वगळलं.

गोरे लोक हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. कोणी हसलं नाही. मांडी चोळणारा बॅट्समन गंभीर होऊन दोन पावलं मागे सरला. दुसरा म्हणाला, की त्याची एक मावशी अशीच आहे. तिसऱ्याने पॅड आधी डावं बांधायचं की उजवं, यावरून एकदा आपलं काय झालं ते सांगितलं. अखेर मॅनेजरने घसा साफ केला आणि अतिशय अदबीने विचारलं, "तुम्ही जरा पलीकडच्या झाडाखाली बसलात तर चालेल का? तिथे छान सावली आहे."

म्हणजे अल मनखूलपासून वेलिंग्टनपर्यंत एकच न्याय होता. गुणवंतरावांनी खुर्ची उचलली. त्यांच्या मनाला फार लागलं. मटारात खुपसलेला हात दिवसभर बधिर असतो, तसं काहीतरी छातीत झालं.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांना राहू दे. त्यांना मला बघू दे."

हा एक उंच, लाल मानेचा तरुण होता. हातात बॅट धरून तो मघापासून एकटाच बाजूला बसला होता. गेल्या सगळ्या दौऱ्यात त्याच्या धावा झाल्या नव्हत्या, शुक्रवारी त्याला खेळवणारही नव्हते. "याहून वाईट माझं काय होणार?" तो गुणवंतरावांना म्हणाला. "बसा साहेब. नीट बघा."

गुणवंतराव बसले. नीट बघू लागले. पहिला चेंडू त्या तरुणाने असा सरळ मारला, की गोलंदाजाला वाकावं लागलं. दुसरा कव्हरमधून गेला. तिसऱ्याला त्याने नुसती दिशा दाखवली. सगळा सराव थांबला आणि लोक भोवती जमले. गुणवंतरावांना वाटलं, आता पडेल, आता पडेल, पण काही पडत नव्हतं. हळूहळू ते पाय पसरून बसले. कित्येक वर्षांत त्यांनी सलग इतके चेंडू पाहिले नव्हते. दरवेळी मध्ये जिना यायचा. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी टोपी पुढे ओढून झाकलं. एक चेंडू त्या पठ्ठ्याने उचलला, तो जाळ्यावरून, कुंपणावरून गेला आणि पार्किंगमध्ये कसला तरी धातूचा आवाज झाला.

तो पजेरोच्या बॉनेटचा होता.

संध्याकाळी धारपांच्या हॉलमध्ये बैठक बसली. वसंतराव खाली जाऊन बॉनेटवरून दोनदा हात फिरवून आले होते. दर्शनरावांनी साक्ष दिली: पहिला बॅट्समन बोल्ड झाला, म्हणजे नजर आहे. दुसऱ्याने धुतलं, म्हणजे नजर नाही. शिवाय आरोपीने शत्रूची टोपी घातली, त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायलं.

"याचा अर्थ स्पष्ट आहे," वसंतराव म्हणाले. "ती दोन्ही बाजूंनी चालते. एसीसारखी. हीट आणि कूल."

"म्हणजे तिकीट?" गुणवंतरावांनी विचारलं.

"या परिस्थितीत तिकीट कसं देणार, तुम्हीच सांगा."

गुणवंतरावांनी खिशातून एक पास काढून टीपॉयवर ठेवला. न्यूझीलंडच्या मॅनेजरने दिलेला, खेळाडूंच्या शेजारच्या पाहुण्यांच्या जागेचा. उंच तरुणाला शुक्रवारच्या टीममध्ये घेतलं होतं आणि त्याने आग्रहच धरला होता, की ते गृहस्थ आले पाहिजेत.

कुमुदवहिनींनी पास उचलून उजेडात धरला, वाचला आणि परत ठेवला. "इथे तर जेवणपण आहे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सगळे एकाच पजेरोतून गेले. स्टेडियममध्ये मात्र दोन वाटा झाल्या. बाकीची मंडळी तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसली आणि गुणवंतराव छताखाली, गादीच्या खुर्चीवर. न्यूझीलंडची बॅटिंग पहिली होती. अधूनमधून वसंतराव लांबून हातवारे करून त्यांना नीट बघायला सांगत होते. दोन विकेटी पडल्या आणि उंच तरुण पॅड सावरत गुणवंतरावांसमोरून मैदानात उतरला. जाता जाता त्याने बॅट किंचित उचलून त्यांना सलाम केला.

तो पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाला.

सगळं स्टेडियम उठून नाचायला लागलं. पायऱ्यांवर वसंतरावांनी दर्शनरावांना मिठी मारली आणि दोघं गुणवंतरावांच्या दिशेने हात जोडू लागले. तरुण परत येताना खुर्चीपाशी क्षणभर थांबला. "आल्याबद्दल आभारी आहे," एवढंच म्हणाला आणि आत गेला. हजारो माणसांत त्या वेळी एकच भारतीय मान खाली घालून बसला होता.

इंटरव्हलला विभावरीवहिनी पुऱ्यांचा डबा घेऊन कठड्यापाशी आल्या. "तिकडे तुमचा जयजयकार चाललाय," त्या म्हणाल्या. "वसंतराव म्हणताहेत, बॉनेट वसूल झालं."

"मी बघतच नव्हतो," गुणवंतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"तो चेंडू. माझे डोळे मिटलेले होते. हात जोडले होते."

"कोणासाठी?"

गुणवंतरावांनी ड्रेसिंगरूमच्या दाराकडे पाहिलं. "फक्त त्याच्या एकट्यासाठी. पंचवीसेक धावांपुरते. भारताला त्याने काही फरक पडला नसता."

विभावरीवहिनींनी आजूबाजूला पाहिलं. "हे तिकडे कोणापाशी बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आता हे घ्या." त्यांनी डब्याबरोबर पजेरोची किल्ली पुढे केली. "आता आपली बॅटिंग आहे ना. वसंतरावांनी हात जोडून विनंती केलीय, की तेवढं गाडीत जाऊन बसा. एसी लावा म्हणालेत."

गुणवंतरावांनी मुकाट्याने किल्ली घेतली आणि ते उठले. एवढं झाल्यावरही ते उठले, हे बघून विभावरीवहिनींना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी किल्ली परत आपल्या पर्समध्ये टाकली.

"बसा," त्या म्हणाल्या. "टोपी पुढे ओढून घ्या. एवढ्या लांबून त्यांना काय दिसतंय? मी सांगते, तुम्ही गाडीत जाऊन बसलात."

"आणि विकेट पडली तर?"

"तर पडेल. बघा तुम्ही."

गुणवंतरावांनी टोपी ओढली आणि भारताची पूर्ण बॅटिंग पाहिली. विकेटी पडल्या. धावाही झाल्या. क्रिकेटमध्ये दोन्ही होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कारण याआधी त्यांनी दोन्ही एका बैठकीत पाहिलंच नव्हतं. भारत जिंकला.

परतताना पजेरोत आनंदाला पारावार नव्हता. दुसऱ्या इनिंगमध्ये गुणवंतरावांना गाडीत बसवण्याची आपली सूचना किती निर्णायक ठरली, हे वसंतरावांनी अल खानच्या सिग्नलपासून दुबईच्या हद्दीपर्यंत समजावून सांगितलं. मग त्यांना एकदम आपलेपणाचं भरतं आलं आणि आरशातून मागे बघत त्यांनी विचारलं, "कंटाळला असाल ना हो, इतका वेळ एकटे?"

"नाही नाही," गुणवंतराव म्हणाले. "मधल्या ओव्हर्समध्ये जरा."

दर्शनराव वळून बघायला लागले.

"रेडिओवर कॉमेंट्री होती ना," विभावरीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना उरलेल्या पुऱ्या वाटायला घेतल्या.